विनापरवाना प्रौढ

विनापरवाना प्रौढ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण होऊन बराच काळ लोटला तरी ज्याच्या खिशात लायसन नाही आणि दाराशी गाडी नाही असा सज्ञान नागरिक. त्याला मत देता येते, लग्न करता येते, वीस वर्षांचे गृहकर्ज काढता येते, सोसायटीचा सेक्रेटरी होऊन इतरांच्या पार्किंगची भांडणे मिटवता येतात. स्कूटर तेवढी स्टँडवरून काढता येत नाही.

या विषयात लायसन असणे आणि गाडी चालवणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण महाराष्ट्रात त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. त्या हिशेबाने माणसांचे चार गट पडतात. पहिल्या गटाकडे लायसन असते आणि तो गाडी चालवतो. दुसऱ्याकडे लायसन नसते, तरी तो चालवतो. चौकात मामा उभे दिसले की अलीकडच्या गल्लीत त्याला अचानक काम निघते. खेड्यात या गटाला वयाची अट नसते. नववीतला पोरगा ट्रॅक्टर हाकत शेतावर जातो आणि वाटेत हेडमास्तर भेटले तर त्यांनाही बसवून घेतो. तिसरा गट लायसन असून न चालवणाऱ्यांचा. तो वाढला ओळखपत्रापायी. देशातले पहिले आधार कार्ड २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्याआधी फोटो असलेला सरकारी कागद कुठे मागितला की लायसन पुढे करणे सर्वांत सोयीचे असे. त्यामुळे कित्येकांनी जन्मात एकदाच, आरटीओच्या मैदानावर आणि तेही मित्राच्या गाडीवर, वाहन चालवले. चौथ्या गटाकडे लायसनही नाही आणि चालवण्याची विद्याही नाही. इथे विचार करायचा आहे तो या चौथ्या गटाचा.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये या माणसाविरुद्ध एक अक्षर नाही. कलम ३ सांगते की लायसनशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवू नये. कलम ४ सांगते की अठरा वर्षांच्या आत चालवू नये. अठरा झाल्यावर चालवलेच पाहिजे, असे एकही कलम सांगत नाही. ते काम मामा, मावशी, मोठे मेहुणे आणि शेजारचे निवृत्त काका यांनी स्वखुशीने अंगावर घेतले आहे. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याची सवलतही कलम ४ मध्ये आहे. सवलत अजून शाबूत आहे, तेवढ्या लहान इंजिनाच्या गाड्या मात्र बाजारातून गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० वर नेला. अल्पवयीन मुलाने गाडी काढली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला. ज्या घरात गाडीच नाही, त्या घरातला बाप ही बातमी चहा पिता पिता निवांत वाचतो.

उलट मागे बसणाऱ्याची काळजी कायद्याने बारकाईने घेतली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे प्रत्येक मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला कडी हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवी आणि मागचे चाक निम्मे तरी झाकलेले हवे, म्हणजे साडीचा पदर किंवा धोतराचा सोगा चाकात जाणार नाही. आयुष्यभर मागेच बसणाऱ्याला सरकारकडून मिळालेली सनद ती हीच. सनदेसोबत एक कर्तव्यही येते. कलम १२९ नुसार हेल्मेट चालवणाऱ्याइतकेच मागच्यालाही लागते आणि २०२२ च्या जूनपासून मुंबईत वाहतूक पोलीस मागच्यावरही कारवाई करू लागले. त्यामुळे विनापरवाना प्रौढाच्या घरी गाडी नसते, पण हेल्मेट असते. ते काखेत मारून तो लिफ्टमध्ये शिरला की कोणीतरी सहज विचारते, ‘गाडी कुठे लावलीत?’ त्यावर ‘गेली’ एवढे उत्तर पुरते. ते खोटेही नसते. गाडी खरोखरच तिच्या मालकासह पुढे गेलेली असते.

लायसन का काढले नाही, याची कारणे काळानुसार बदलत गेली. दुचाकींचा इतिहास हा एका बाजूने सबबींच्या ऱ्हासाचा इतिहास आहे. परमिटराजच्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ‘नंबर लागला नाही’ ही त्या काळची सर्वमान्य सबब होती. तिच्यात माणसाचा दोष नव्हता, देशाच्या औद्योगिक धोरणाचा होता. १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली. ती इतकी हलकी आणि साधी, की ‘गाडी जड पडते’ म्हणायची सोय उरली नाही. तरीही किक आणि गिअर शिल्लक होते. ‘किक बसत नाही’ आणि ‘गिअर जमत नाहीत’ या दोन आधारांवर अनेकांनी सन्मानाने दिवस काढले. १९८० च्या दशकात बटणावर सुरू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा रस्त्यावर आली आणि दोन्ही आधार एकदम गेले. २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली आणि पुढे ती आजींनीही चालवायला घेतली, तेव्हा उरलेसुरले पुरुष अडचणीत आले. चारचाकीत पॉवर स्टिअरिंग, ऑटोमॅटिक गिअर आणि मागे बघायचा कॅमेरा आल्यावर ‘रिव्हर्स जमत नाही’ हेही बाद झाले. ‘आरटीओत खेटे घालायला वेळ कुणाला आहे’ ही शेवटची मजबूत सबब २०२१ मध्ये पडली. त्या वर्षापासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसनची परीक्षा घरबसल्या देता येऊ लागली. आता खरे कारण तेवढे उरले आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही: भीती वाटते. कुठल्या तरी सुट्टीत, कुठल्या तरी मैदानात, कुणाच्या तरी एम-एटीवरून हा माणूस पडलेला असतो. खरचटलेला गुडघा आठवड्यात बरा झाला. बघणाऱ्यांचे हसू अजून बरे झालेले नाही.

भूगोल बदलला की या अवस्थेचा अर्थ बदलतो. मुंबईत ती जवळजवळ अदृश्य आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली मोटारबस धावली. तेव्हापासून लायसनविना जन्म काढायची पूर्ण व्यवस्था या शहरात आहे. मुंबईत माणसाची पत घर स्टेशनपासून किती मिनिटांवर आहे यावर ठरते. ज्याच्याकडे गाडी असते तोही ती सोमवार ते शनिवार कव्हरखाली ठेवतो आणि रविवारी काढतो, मग संध्याकाळभर वाहतुकीची हकिकत सांगतो. गाडीवाल्याच्या अंगी जो रुबाब असतो, तो इथे लोकलवाल्याच्या अंगी दिसतो. कुठला डबा दादरला जिन्यासमोर येतो, कुठल्या गाडीला ठाण्याला उतरणारे जास्त, चौथी सीट कुणाकडे मागावी आणि कुणाकडे मागू नये, या ज्ञानाची परीक्षा घेणारे आरटीओ नाही, पण नापास होणाऱ्याला थेट पुढच्या स्टेशनावर उतरावे लागते. अडचण एवढीच, की वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही. टॅक्सीच्या मीटरकडे बघत बसण्याची तयारी तिकडे जाताना ठेवावी लागते.

पुण्यात हाच माणूस लगेच उठून दिसतो. शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी २०१८ मध्ये झळकली होती. हिशेबाने पाहता पाळण्यातल्या बाळालाही एक वाहन येते. मग ज्याच्याकडे वाहन नाही त्याच्या वाटणीचे कोण चालवतो? कोण चालवतो ते सांगता येत नाही, पण ते त्याच्याच फाटकासमोर लावलेले असते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात बारावीचा निकाल, अठरावा वाढदिवस आणि दुचाकी या गोष्टी ठरलेल्या क्रमाने येतात. त्यातली तिसरी आली नाही तर पहिल्या दोन खरंच झाल्या का, अशी शंका नातेवाइकांना येते. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रो धावू लागली. तरीही पुणेकर ‘मेट्रोने आलो’ हे वाक्य ‘गंमत म्हणून’ हे दोन शब्द जोडल्याशिवाय पूर्ण करत नाही.

तालुक्याच्या गावी वेगळाच प्रकार. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सुटली, त्या एसटीने पुढे खेड्यापाड्यांत ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ असे सांगून विनापरवाना माणसाला राजासारखे वागवले. राजाला फक्त गाडी कधी येणार हे माहीत नसे. एसटी चुकली तर पश्चिम महाराष्ट्रात वडाप आहे, मराठवाड्यात आणि विदर्भात काळी-पिवळी आहे. त्यांत माणसे किती बसतात हा प्रश्न विचारत नाहीत. अजून किती बसतील, हा विचारतात. गोव्याने मात्र हा प्रश्न फार वर्षांपूर्वीच रीतसर सोडवला. तिथे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरचा ‘पायलट’ भाडे घेऊन माणसाला मागे बसवतो. डबलसीट जाणे हा उपकार न राहता व्यवहार झाला आणि दोन्ही बाजूंची लाज गेली.

महाराष्ट्रात ती अजून शिल्लक आहे, म्हणून इथे लिफ्ट देण्याघेण्याचे शास्त्र तयार झाले. कार्यक्रम संपला की संवाद साधारण असा होतो:

‘सोडू का तुम्हाला?’

‘छे छे, मी जाईन की रिक्षाने.’

‘अहो, वाटेतच आहे.’

‘तुम्हाला उगीच वळसा पडेल.’

‘वळसा कसला? बसा.’

‘बरं, मग कर्वे पुतळ्यापाशी सोडा. तिथून मला एकदम सोपं पडतं.’

कर्वे पुतळ्यापासून घर चांगले दीड किलोमीटर आत असते, हे दोघांनाही माहीत असते. पहिल्याच प्रश्नाला ‘हो’ म्हणणे उतावळेपणाचे आणि पहिल्याच फेरीत पूर्ण पत्ता सांगणे उद्धटपणाचे मानले जाते. पुतळा जवळ आला की ‘नेमकं घर कुठे?’ असे चालवणाऱ्याने विचारायचे असते. विचारले नाही तर मागच्याने उतरून, हसून, हात हलवून दीड किलोमीटर चालायचे असते. पेट्रोलचे पैसे देऊ करणे हा अपमान. वर्षानुवर्षे काहीच न देणे हा त्याहून मोठा. म्हणून ही उधारी दिवाळीच्या फराळात, देवगडच्या अर्ध्या पेटीत किंवा आयकराचे विवरणपत्र भरून देण्यात फेडली जाते. या व्यवहारामुळे विनापरवाना प्रौढाला शहरातल्या सर्व परिचितांचे पत्ते पाठ असतात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तो नवरा-नवरीकडे न बघता आपल्या दिशेला राहणारे कोण आले आहे ते बघतो आणि त्या माणसाने आइस्क्रीम संपवले की स्वतःचे अर्धे टाकून उठतो.

मागे बसणे ही कला आहे, हे पुढच्याला कधीच कळत नाही. वळणावर गाडी झुकेल तिकडेच झुकायचे, घाबरून उलटीकडे नाही. ब्रेक लागला की हेल्मेटवर हेल्मेट आपटू द्यायचे नाही. बोलणे वाऱ्यात उडून जाते, तरी ‘हो ना’ म्हणत राहायचे. इंडिकेटर बंद असेल तर उजवीकडे वळताना उजवा हात आडवा पसरून धरायचा. खरी परीक्षा सामानाची. केकचा खोका, ट्यूबलाइट, खिडकीची काच, डोसा तवा, कुंडीसकट तुळस यांतले एकही चालवणाऱ्याला नेता येत नाही. गणेश चतुर्थीला मूर्ती घरी आणतात तेव्हा तर पुढच्याची किंमत हमालाइतकी असते. मूर्ती मागच्याच्या मांडीवर असते, रुमालाने तोंड झाकलेली. एक हात पाठीमागे, एक सोंडेच्या खाली, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला दोघांचे श्वास एकदम थांबतात. ज्या घरात तिघांना तीन गाड्या आहेत, तिथून त्या दिवशी विनापरवाना मामाला सकाळीच फोन येतो.

चारचाकीत त्याची जागा पुढे, चालवणाऱ्याच्या डावीकडे. या जागेला पूर्वी भरपूर काम होते. काच खाली करून पानवाल्याला रस्ता विचारणे, टोलचे सुट्टे तयार ठेवणे, संत्री सोलून फोडी पुरवणे आणि खंबाटकी घाटानंतर चालवणाऱ्याला डुलकी लागू न देणे. तो मार्गदर्शनही करी, पण त्याला सगळे रस्ते बसच्या खिडकीतून किंवा पायी चालताना समजलेले असल्यामुळे वन-वे माहीत नसत, आणि ‘इथे डावीकडे’ हे तो डावीकडचे वळण मागे गेल्यावर सांगे. गुगल मॅप्सने रस्ता विचारण्याचे काम काढून घेतले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाल्यावर टोलही गेला. आता त्याच्याकडे संत्री उरली आहेत.

घरी गाडी नसल्याचा एक अनपेक्षित फायदा म्हणजे रिकामे पार्किंग. इमारतीखालच्या स्टिल्टमधली जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. तरी फ्लॅटबरोबर एक चौकोन वाट्याला येतोच आणि त्यावर ऑइल पेंटने फ्लॅटचा नंबर रंगवलेला असतो. गाडीवाल्यांच्या घरी दुसरी गाडी आली की सगळ्यांच्या नजरा त्या चौकोनाकडे वळतात. एरवी जिन्यात नमस्कार न करणारे शेजारी ‘वहिनी, भाजी आणायची होती का?’ म्हणून विचारू लागतात. शहाणा विनापरवाना प्रौढ तिथे कोणालाच कायमचे हो म्हणत नाही. एक मोडके कपाट आणि नातवाची तीनचाकी सायकल टाकून तो जागा ताब्यात ठेवतो, आणि सोसायटीच्या निवडणुकीआधी कपाट हलवण्याविषयी सूचक बोलतो. गाडीवाल्यांची सगळी गणिते त्याच्या हाती असतात. त्याला गाडी नसल्याची खंत कुणी बोलून दाखवत नाही.

दसऱ्याला मात्र पंचाईत होते. सकाळपासून सोसायटीत गाड्या धुतल्या जातात, हँडलला झेंडूची माळ आणि बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटे उमटतात, चाकाखाली लिंबू फुटते. ज्याच्याकडे वाहन नाही त्याने विकत आणलेली माळ कशाला घालायची हा प्रश्न घरोघर आपापल्या परीने सोडवतात. शिलाई मशीन, लॅपटॉप, विळी आणि मिक्सर यांना तुकडे वाटून शेवटी थोडी माळ उरतेच. ती दाराच्या कडीला अडकवतात. काही मुंबईकर घरांत रेल्वेच्या सीझन पासवरही कुंकवाचे बोट टेकवले जाते, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध आहे, कारण त्या घराचे वाहन तेच.

लग्नाच्या बाजारात ‘स्वतःचे घर, गाडी’ ही जोडी ठरलेली. पुरुषाला गाडी येत नसेल तर ‘अजून का शिकला नाही?’ असे विचारतात. बाईला तो प्रश्न विचारत नाहीत. तिला गाडी येत असेल तर विचारतात, ‘एकटी चालवत आलीस?’ प्रश्न कुणाला आणि कधी पडतो यावरून समाजाच्या अपेक्षा कळतात. वरातीच्या दिवशी तेवढी सुटका असते. फुलांनी सजवलेली गाडी नवरदेवाने स्वतः चालवावी अशी कुणाचीच अपेक्षा नसते, आणि त्याला येते का, हेही त्या दिवशी कुणी विचारत नाही.

या सुटकेत सगळ्या विषयाचे मर्म आहे. गाडी न चालवणारी माणसे समाजाच्या दोन टोकांना मुबलक आहेत. मंत्री चालवत नाही, न्यायमूर्ती चालवत नाहीत, कंपनीचा अध्यक्ष मागे बसून कागद चाळतो; दुसऱ्या टोकाला शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया आणि बांधकामावरचे गडीही चालवत नाहीत. दोन्ही टोकांना ‘अजून शिकला नाहीत?’ असे कुणी विचारत नाही. हा प्रश्न फक्त मधल्यांसाठी राखून ठेवलेला आहे. मोटारी नव्या होत्या तेव्हाही मालकाने मागे बसावे आणि शोफरने हाकावे हीच प्रतिष्ठा होती. पगारी माणसाच्या मागे बसले की वैभव, बिनपगारी मेहुण्याच्या मागे बसले की लाचारी. बसण्याच्या क्रियेत काहीच फरक नाही. ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्याकडे लायसन नव्हते. त्यांच्या देशात ते सगळ्यांना लागे, त्यांना लागत नसे. दुसऱ्या महायुद्धात त्या लष्करी ट्रक चालवायला शिकल्या आणि नव्वदीपर्यंत गाडी चालवत राहिल्या. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह यांना तर चालवताच येत नसे. अमेरिकाभर फुलपाखरांमागे हिंडताना स्टिअरिंगवर पत्नी व्हेरा असत. राणीला किंवा लेखकाला कोणी मेहुणा बोलला नाही. ओला-उबर आल्यापासून तर सीमारेषा पुसट झाली आहे. फोन हातात धरून मागच्या डाव्या सीटवर बसलेला माणूस साहेब आहे की लायसन नसलेला, हे बाहेरून ओळखू येत नाही. भाडे ‘सर्ज’ झाले की चेहऱ्यावरून थोडेसे येते.

अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसांना ही अवस्था नव्याने भेटते. तिथे बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षापासून लायसन मिळू लागते, उपनगरांत दूध आणायलाही गाडी लागते आणि ओळखपत्र म्हणून लायसनच दाखवतात. ज्याला चालवायचे नाही त्याला राज्य वेगळे ओळखपत्र देते, पण तेही लायसन देणाऱ्याच कार्यालयातून. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील, ज्यांनी पुण्यात एमएच-१२ चौतीस वर्षे गाजवले, तिथे उतरल्या दिवशी विनापरवाना होतात. मुलगा-सून कामावर गेली की रस्त्यावर चिटपाखरू नसते, चालायला बाहेर पडावे तर फूटपाथ नसतो, आणि दुसऱ्याच आठवड्यात वडील मुलाला विचारतात, ‘शनिवारी देवळाकडे जाणार असाल तर...’ वाक्य ते पूर्ण करत नाहीत. लिफ्ट मागण्याची पहिली फेरी त्यांना कुणी शिकवावी लागत नाही.

काही जण चाळिशीनंतर शिकायचे ठरवतात. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत पंधरा प्रश्न असतात आणि नऊ बरोबर यावे लागतात. विनापरवाना प्रौढ इथे हमखास वरच्या गुणांनी पास होतो, कारण वाहतुकीची चिन्हे खाली उभे राहून वाचायला त्यालाच वेळ मिळालेला असतो. झेब्रा क्रॉसिंगवर हक्क कुणाचा, हा प्रश्न तर त्याच्या जिव्हाळ्याचा. पुढे मोटर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी येते. तिला दोन्ही बाजूंना ब्रेक, मागेपुढे पांढऱ्यावर लाल ‘एल’, आणि शेजारी पंचविशीतला मास्तर. तो ‘काका, क्लच! काका, हाफ क्लच!’ म्हणत एका हाताने मोबाइलवर बोलतो, मधेच गाडी थांबवायला लावून स्वतःची कोथिंबीर घेतो आणि उतरताना ‘मस्त झालं आज’ म्हणून सांगतो, त्यामुळे नक्की कोण चालवत होते हे काकांना कळत नाही. दुचाकीवर शिकणाऱ्याच्या मागे शिकवणाऱ्याशिवाय कोणी बसू नये असा नियम आहे. घरात लायसन असलेली व्यक्ती म्हणजे नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलगी. ती मागे बसून ‘बाबा, आरसा! बाबा, इंडिकेटर राहिला!’ म्हणते, आणि अठरा वर्षे अभ्यासावरून बोलणारे बाबा निमूट ऐकतात. किमान तीस दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी होते. मैदानात इंग्रजी आठ आखलेला असतो. पाय खाली न टेकवता तो पुरा करायचा. रांगेतली कॉलेजची पोरे आठ काढून, ज्या गाडीवरून आली होती त्याच गाडीवरून निघूनही जातात. काकांचा पाय दुसऱ्या वळणावर टेकतो. साहेब दुसरी संधी देतात, आणि ती देताना आवाज हळू ठेवतात, हा आरटीओच्या कारभारातला सर्वांत सुसंस्कृत क्षण होय.

ज्यांना हेही नको, त्यांच्यासाठी एक पळवाट आहे. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या विजेच्या दुचाकीला कायदा मोटार वाहनच मानत नाही. तिला लायसन लागत नाही आणि नंबर प्लेटही लागत नाही. तिच्यावरून माणूस पूर्ण कायदेशीरपणे आणि स्वतःच्या मर्जीने कुठेही जाऊ शकतो. चढावर मात्र सायकलवाले त्याला मागे टाकताना वळून बघतात.

उतारवयात हा प्रश्न आपोआप सुटत जातो, आणि तो गाडीवाल्यांच्या बाजूने सुटतो. लायसन चाळिशीनंतर डॉक्टरच्या प्रमाणपत्राशिवाय नवे होत नाही आणि पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांसाठीच मिळते. मग मोतीबिंदू होतो, गुडघा बदलतो, एक दिवस फाटकाला गाडी घासते आणि मुलगा किल्ली दुसऱ्या कपाटात ठेवतो. पंच्याहत्तरी ओलांडली की महाराष्ट्रात एसटी फुकट आहे, पण फुकट गाडीलाही वेळेवर जावे लागते. नव्याने विनापरवाना झालेल्या गृहस्थाला थांबा कुठे ते माहीत नसते, पायरी उंच वाटते, आणि दुसऱ्याच्या सोयीने निघायचे हा त्याला अपमान वाटतो. इथे जुन्या विनापरवानाचा पन्नास वर्षांचा अनुभव कामी येतो. दुपारच्या गाडीत कुठल्या बाजूला ऊन येते, कुठला कंडक्टर थांबून घेतो, कुणाच्या गाडीत मागे बसावे आणि कुणाच्या गाडीत देवाचे नाव घेत बसावे, परतीची सोय जेवणाआधी पाहावी की नंतर, हे सगळे तो कट्ट्यावर बसून शिकवतो. या शिकवणीला तीस दिवसांची अट नाही, आणि शेवटी आठही काढावा लागत नाही.